आढ्यावरचं नाव

(फूजियानच्या डोंगरातला छपराचा लाकडी पूल. दुरुस्तीसाठी कौलं उतरवलेली, छपराच्या माथ्याची तुळई, म्हणजे आढं, उघडं पडलेलं. शिडीवर सत्तरी ओलांडलेले लिन मिस्त्री, खाली गावप्रमुख त्साय, आणि पुलातल्या देवळीत दिवाबत्ती करणारी मेइ मावशी.)

मेइ मावशी : हिशेब सरळ आहे, मिस्त्री. आढं बदललं की नव्यावर पहिलं नाव कारागिराचं, म्हणजे तुमचं. खाली वर्गणी दिलेली बावीस घरं. आणि शेवटी, नको नको म्हणत, आमचा त्साय.

त्साय : मी कुठं मागितलंय, मावशी?

मेइ मावशी : नाही रे. शाई तेवढी आणून ठेवलीस.

लिन मिस्त्री : गप्प बसा जरा. ठोका ऐकू द्या.

त्साय : कुजलंय ना? नव्वद वर्षांत वाळवीनं काय उपास केले?

लिन मिस्त्री : गिरमिट मारून पाहिलं. भुसा कोरडा, वास अजून ताजा. आढं खणखणीत आहे.

त्साय : अहो, तपासणीचा साहेब तुमच्याच शब्दावर सही करणार! चांगलं लाकूड काढू देत नाहीत, कुजलेलं काढू देतात. ‘कुजलं’ म्हणा की. तुमचं काय जातंय?

लिन मिस्त्री : माझं नाही, आढं जातंय.

मेइ मावशी : त्यावर नाव कुणाचं आहे, तेही सांगा त्याला.

लिन मिस्त्री : गाओ शीचांग.

मेइ मावशी : तुमच्या वडिलांना याच पुलाच्या कामावरून चारचौघांत हाकललं, तो?

लिन मिस्त्री : तोच. बाबांनी एक सांधा तिरका कापला होता.

त्साय : मग तर करवतीसाठी हात शिवशिवले पाहिजेत!

लिन मिस्त्री : शिवशिवतायत. मी तीन पूल उभे केले, त्साय. तेव्हा आढ्यावर नाव लिहायला बंदी होती. बंदी उठली तोवर सिमेंट आलं. यापुढे मला कोण बोलावणार?

त्साय : तेच म्हणतोय मी!

लिन मिस्त्री : पण माणूस हलकट असला तरी गाओनं लाकूड पारखून घेतलं होतं. खांबांचे पाय बदलू. आढं राहील.

त्साय : आणि बावीस घरांना काय सांगू?

मेइ मावशी : सांग, नाव नसलं तरी पूल ओलांडता येतो. त्यांची वर्गणी बिननावाची गेली, तुला चार दिवस तोंड चुकवावं लागेल. सगळ्यांत महाग मिस्त्रींनाच पडलं.

लिन मिस्त्री : मावशी, फडकं द्या वर. कोरडं द्या. तुमच्या अगरबत्त्यांची काजळी बसलीय गाओच्या नावावर.