कूलरपुढची खुर्ची

...आन् वरून मलेच म्हनते, "तुम्हारे घर में बग आता ही नै, मतलब तुम काम ही नै करते!" आता बोला! हे आमचे हैदराबादचे व्यंकटेश सर. मी इथं बेला गावात घरी बसून त्यायच्या कंपनीचं काम करून राह्यलो. गाडी मागं घेतानी कॅमेऱ्याचं चित्र समोरच्या पडद्यावर दिसते ना, त्याच्या पार आतलं काम, कर्नल म्हनतात ते. तं झालं काय, तो पडदा चालता चालता मधातच हिरवागार होऊन घडीभर गप पडे! प्रोग्रामातली अशी चूक म्हंजेच बग. हापिसात दिवसातून तीनदा, आन् माह्या घरी? एकदाही नाई!

"सोमवार तक पकड़ के दिखाओ, नै तो बोरिया-बिस्तर लेके इधर आ जाओ." घ्या! रंजीता, माही बायको, इथल्या शाळेत मास्तरीन, बाबाचं वय सत्तर, आन् मी तिथं एकटा कोन्या खोलीत सांबार पीत बसू?

बरं, रोग काय ते मले वाचून वाचून समजलं होतं. तुमी आदिलाबादच्या बसनं कधी गेले? मंग तुमाले कर्नल येते! बस लागली का आपन काय करतो? खिडकीतून दस्ती, म्हंजे रुमाल, आत फेकतो. दस्ती पडली का सीट आपली, मंग कोनाच्या बापाची हिंमत नाई तिले हात लावाची. मेमरीतही तसंच हाय बापा! सीट एक, मानसं दोन. कॅमेरा तिच्यावर चित्र आनून ठेवते, पडदा तिथूनच पाहून दाखवते. ज्याचं काम चालू त्याची दस्ती तिथं. सगळ्या दस्त्या उचलल्या का कर्नल, म्हंजे आपला कंडक्टर, सीट दुसऱ्याले देऊन टाकते. आन् आमचा पडदा, शहाना, काय करे? आधी खिडकीतून सीट पाहे, मंग दारातून चढून दस्ती टाकाले जाये! तेवढ्यात कॅमेऱ्यानं आपली दस्ती उचलली, कंडक्टरनं सीट तिसऱ्याले देली, आन् हा बसला त्याच्या मांडीवर! पाह्यली तवा होती, बसाले गेलो तं नाई!

पन सरले दाखवाव कसं? प्रोग्राम कुठं अडते ते समजाव म्हनून म्या त्याच्यात जागोजागी "इथं आलो, तिथं आलो" असं छापाले लावलं, तं बग अजूनच लपला! छापता छापता थोडा येळ जाते ना, तेवढ्यात कॅमेऱ्याची आन् पडद्याची टक्कर चुकते. सर म्हनते, "फिर वो छापना वैसेच रहने दो ना!" वा रे वा! ताप आला का थर्मामीटरच तोंडात ठेवून फिराव काय मानसानं?

शनिवारी, ज्याच्यावर हा कॅमेरा आन् पडदा चालते त्या बोर्डाले सहज हात लागला... आई गं! चटकाच! मे महिना, वर टिनं, आन् बोर्डही आपल्यासारखाच, तापला का हळूहळू काम करते. हळू चालनाऱ्यायची टक्कर कायले होते? हापिसात एसी, तिथं सगळे पळतात आन् धडकतात!

घरात कूलर एक, आन् त्याच्यापुढं आमचे बाबा, भगवंतराव. ते बाहेर गेलेले पाहून म्या कूलरपुढं खुर्ची ठेवली, खुर्चीवर बोर्ड. दहाव्या मिनिटाले पडदा हिरवा! मी नाचलो! रंजीताले बोलवाले गेलो, येऊन पाह्यतो तं कूलर गायब, पडदा चांगला!

"बाबा, कूलर काऊन नेला?"

"तिथं कोनी बसलंच नोतं."

"बोर्ड होता ना!"

"बोर्डाले काय घाम येते?"

तीनदा, बापा, तीनदा! मी पाठ फिरवली का कूलर गेला! पाह्यला तवा होता, लावाले गेलो तं नाई! रविवारी दुपारी माहं डोकं फिरलं. खांद्यावरची दस्ती काढली आन् टाकली त्या खुर्चीवर. बाबा आले. तहसीलदाराले न भेनारा मानूस! दस्ती पाह्यली, कूलरले हात न लावता निंबाखाली जाऊन बसला.

मंग काय, सांजपरेंत बग धरला. पाहनं आन् दस्ती टाकनं एकाच दमात, खिडकीतूनच, मधात कोनी आलंच नाई पाह्यजे! दोन ओळी खालच्या वर केल्या, झालं. सोमवारी सरले दाखवलं तं म्हनते, "बस दो लाइन? दो लाइन के वास्ते तीन हफ्ते?" शाबासकी गेली खड्ड्यात, पन हैदराबाद टळलं! रंजीतानं शिरा केला. मले तं रडूच आलं.

आन् बुधवारी खोके आले. बारा! सरचा फोन, "देवानंद, गर्मी का टेस्ट करने को तुम्हारा घर एक नंबर! अब उधरीच रहो, हैदराबाद आनाच नै!" आता बाजेवर बोर्ड, टेबलावर बोर्ड, रंजीताच्या वह्यायवर बोर्ड. बसाले राह्यली एक खुर्ची, कूलरपुढची. आज सकाळी लॅपटॉप घेऊन तिथं गेलो, तं खिडकीतून सप्पकन दस्ती येऊन पडली! बाबाची! दस्ती टाकून भगवंतराव गेले भूषणच्या टपरीवर च्या प्याले, जेवाच्या येळेपरेंत येत नाईत.

उचलू कशी? कायदा म्याच शिकवला ना! तवापासून मी हा असा उंबऱ्यावर, मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर पंचेचाळीस डिगरी ऊन. घर वाचवाले तीन हप्ते झिजलो, तुमाले सांगतो... वाचलं, पाह्यलं तवा होतंही, बसाले गेलो तं नाई!