लाइट असेपर्यंत शंभर टक्के

हॅलो?… हां ताई, बोल. पण पटकन हं, मला आता स्टेजवर बोलावतील… अगं भाषण आहे माझं, बॅटरीची तब्येत कशी तपासायची त्यावर. सांगितलं होतं ना… काय? लाइट गेली? जाऊ दे की! इन्व्हर्टर कशाला बसवून दिलाय मी?

ओरडतोय म्हणजे? पीं-पीं?… छे! सकाळीच मी मोबाइलवर बघितलं, तुझी बॅटरी शंभर टक्के. स्क्रीन बघ बरं… बारा? एकशे बारा नाही ना?… बरं बरं, चिडू नकोस.

उबवणीच्या मशीनमधली अंडी?… आजच फुटायची? आतून टोकरतायत? अरे देवा!

रडू नकोस ना. अगं ऐक… मशीनचं दार उघडायचं नाही. वरून ब्लँकेट टाक, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेव. दाजींना म्हणावं, बॅटरीची झाकणं उघडा… टॉर्चने बघा, काडी पेटवू नका!… काय म्हणतायत? आत पाणीच नाही? प्लेटा उघड्या पडल्यात?

…हो. दाजी विचारत होते, पाणी घालू का. आणि मीच म्हणालो, हात लावू नका, स्क्रीन सांगेल… हो, अस्संच म्हणालो, मान वर करून.

नाही गं, स्क्रीनचा काय दोष! मी बघायचो ते लाइट असताना. चार्जर चालू असला की आकडा फुगतो. शेजाऱ्याचं बघून पेपर लिहिल्यासारखं आहे ते. लाइट बंद करून, मशीन बॅटरीवर चालवून बघायला हवं होतं… हो, माहीत होतं मला! आज तेच तर शिकवणार आहे लोकांना! मागे हा एवढा बॅनर लावलाय, ‘अंदाज नको, आकडा हवा’. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दे शिव्या, दे. नोकरी सोडून हा उद्योग मांडलास, पहिलीच खेप, आणि सख्ख्या भावाने माती केली. पण आधी गाडीची बॅटरी काढायला सांग… हो, दाजींच्या लाडक्या गाडीची. इन्व्हर्टर बंद करून ती त्याला जोडा. काढताना आधी काळी वायर, जोडताना आधी लाल… माहीत आहे त्यांना? बरं. मी गप्प बसतो.

हो साहेब, आलोच, दोनच मिनिटं… घरचा पेशंट आहे हो, सीरियस… नाही, डॉक्टर मीच होतो, म्हणून तर!

ताई?… ताई, बोल काहीतरी… हॅलो?… लागला? मशीनचा दिवा लागला? तापमानाचा काटा बघ… चढतोय? नक्की? हुश्श! आता लाइट येईपर्यंत घरातलं बाकी सगळं बंद. पंखासुद्धा… घामाघूम होऊ दे दाजींना, माझ्या नावाने होऊ दे.

ऐक, नाव पुकारलं माझं. ‘बॅटरीतज्ज्ञ’ म्हणतायत… हसू नकोस. दाजीपण हसतायत, ऐकू येतंय मला… थांब, ते काय वाजलं? चिवचिव? निघालं? धडधाकट आहे ना?… ओलंचिंब आहे, पण उभं राहतंय? अगं ताई…!

काय नाव ठेवलंस?… ‘शंभर टक्के’?

…ठेव बाई. माझ्या हातचं एवढं तरी शंभर टक्के खरं निघू दे. चल, जातो. आता या लोकांना तुझ्याच बॅटरीची गोष्ट सांगतो.