सॅम्पल तरंगलं होतं

महादू : सही करायच्या आधी एकतरी जॅकेट पाण्यात टाकून बघायचंस, पोरी.

दिशा : सॅम्पल तरंगलं होतं ना, महादूकाका! तुमच्याच स्टोअरच्या पिंपात टाकलं होतं मी.

महादू : सॅम्पल तरंगलं. माल बुडाला. दहा मिनिटांत तळाला. कापून बघितलं, तर आत सोफ्यात भरतात तसला स्पंज. पाणी पितो नुसता.

दिशा : चाळीसच्या चाळीस लाइफ जॅकेट तशीच?

महादू : माझ्याकडे आठ आहेत. तीन टाकली, तिन्ही गेली. बाकीची बत्तीस सकाळीच नितेशच्या बोटीवर चढवली.

दिशा : साहेबच म्हणाले हो, तीन कोटेशनात हा सगळ्यात स्वस्त, सॅम्पल पास आहे, लॉट तपासत बसू नकोस, माल मिळाल्याची पावती करून टाक. आणि पावतीवर सही माझी एकटीची. अजून पर्मनंटही नाही मी.

महादू : ते मागाहून. बोटीवर आज कोण?

दिशा : शाळेची सहल. तीस मुलं, दोन बाई. गोराईची अकराची फेरी.

महादू : अकरा वाजून गेले.

दिशा : देवा! साहेबांना विचारू आधी?

महादू : साहेब विचारच करत बसतील. नितेशला लाव. स्पीकरवर टाक.

(फोन लागतो. मागे इंजिन, मुलांचं गाणं.)

नितेश : बोल गं.

दिशा : नितेश, बोट फिरव. मुलांनी जॅकेट घातलीत?

नितेश : सगळ्यांनी. नवी कोरी, झकास.

दिशा : ती बुडतात रे.

नितेश : काय बोलतेस? मी मध्यावर आहे, वारा सुटलाय!

महादू : नितेश, मी महादू. हळू फिरव. कोणाला उठू देऊ नको. जुनी किती आहेत?

नितेश : फळीखाली पंधरा.

महादू : बारक्यांना दे. बसल्या जागी.

नितेश : बाईंना काय सांगू? इंजिन बिघडलं म्हणतो.

दिशा : नको. जॅकेट खराब आलीत सांग. खरेदीतल्या दिशाने न तपासता घेतली, सांग.

नितेश : फोन चालू ठेव.

दिशा : काका, गाणं थांबलं.

महादू : थांबू दे. इंजिन ऐकू येतंय ना?

दिशा : येतंय... आता तेही बंद झालं. नितेश? नितेश, बोल ना रे!

नितेश : धक्क्याला लागलो. उतरवतोय. अठ्ठावीस... तीस. दोन्ही बाई. उतरले सगळे.

दिशा : काका, साहेबांचा फोन येतोय.

महादू : येऊ दे. आधी रिजेक्शन नोट लिही. पूर्ण लॉट नाकारला, आणि का ते.

दिशा : अक्षर वाकडंतिकडं येतंय.

महादू : असू दे. वाचता आलं म्हणजे झालं.