दुसऱ्या आवाजाचं नाव

हॅलो?… हॅलो, कोण?… अरे बारक्या! हा कुणाचा नंबर?… ड्रमरचा? आणि तुझ्या फोनला काय झालं?… बंद करून ठेवलायस? घाबरट कुठला!… हो, हो, आलंय. सगळं आलंय… अरे सांगते ना, जरा दम धर. दुकानात गिऱ्हाईक आहे… आजोबा, तुम्ही बघा हं फ्रेम निवांत. आरसा त्या बाजूला आहे. मी आलेच… हं, बोल. डोळे तपासायच्या खोलीत आलेय. आता इथे मी आणि भिंतीवरची अक्षरं, तिसरं कुणी नाही.

तुम्ही कुठे पोचलात?… पेट्रोल पंपावर? आणि सगळे गाडीत श्वास रोखून बसलेत?… अरे, गाणं आलंय बाहेर, दहावीचा निकाल नाही लागला… बरं बाबा, निकाल तर निकाल.

ऐक. तीन परीक्षणं आलीत. वेबसाइटवरच्या त्या मुलीचं, रेडिओवाल्याचं, आणि पेपरात लिहिणाऱ्या त्या खवीसाचं… हो, खवीसानं पण लिहिलंय… अरे ओरडू नको, कान गेला माझा!… नाही. आधी त्याचं नाही. ठरलंय ना आपलं? बँडबद्दल कुणी काही लिहिलं की तू वाचायचं नाही, मी वाचून दाखवायचं, आणि वाईट आधी. पहिल्या गाण्यापासून हेच चाललंय… आज कसली सूट? काही सूटबीट नाही.

तर ही वेबसाइटवाली… 'तिसरा मजला या बँडचं नवं गाणं आलंय, किल्ली शेजारी ठेवलीय. गिटारी लख्ख वाजतात. सगळं जागच्या जागी आहे. हॉटेलच्या खोलीसारखं. चादर ताणलेली, टॉवेलची घडी घातलेली, आणि इथे कुणी राहत नाही हे आत पाऊल टाकताच कळतं'… हो, एवढंच… वाईट आहे की चांगलं? मला काय माहीत! पाचपैकी तीन स्टार दिलेत… अरे, पास झालास की.

रेडिओवाला म्हणतो, 'गाडी चालवताना बरं वाटतं'… पुढे काही नाही. संपलं… तुम्ही गाडीतच आहात ना? मग लावून बघा, बरं वाटतंय का.

आता खवीस… नाही रे, मजा नाही करत. तूच उगाच धसका घेऊन बसलायस. मागच्या गाण्याला काय लिहिलं होतं त्यानं, आठवतंय?… 'तीन गिटारी मिळून एक गाणं शोधतायत, सापडलं की कळवा.' मला पाठ आहे ते. तू चार दिवस जेवला नव्हतास नीट… बसलायस ना?… उभा आहेस? मग गाडीला टेक.

'हे गाणं मी ऐकलं. मग परत ऐकलं. तोवर चहा पार थंड झाला होता'… खवीसच! शप्पथ! खाली त्याचंच नाव आहे… ऐक तर पुढे. 'शाळेतून आलेला मुलगा कुलूप लावलेल्या दारात उभा आहे आणि विचारतो, किल्ली कुठे? एवढ्याशा प्रश्नात एवढी भीती मावते, हे मी विसरूनच गेलो होतो. हा गायक गाऊन दाखवत नाही. तो खरंच विचारतो'… बारक्या?… अरे आहेस ना?… कोण रडतंय? ड्रमर?… पाणी द्या त्याला. आणि स्पीकरवर टाकलं असशील तर काढ, मला कसंतरीच होतं… काढलंस? बरं.

पुढे ऐक ना. 'पण हे गाणं तोलून धरलंय ते दुसऱ्या आवाजानं'… बघ, तुम्ही स्टुडिओत गायला बोलावलेल्या त्या मॅडमनी बाजी मारली! 'तो जरा उशिरा येतो. जरा बसलेला आहे. पलीकडच्या खोलीत हातातलं काम न थांबवता कुणी उत्तर द्यावं, तसा. शेजारी ठेवलीय. बस्स, एवढंच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या जिवात जीव येतो'… काय रे, मॅडमचा आवाज बसलेला कुठे आहे? त्या दिवशी सर्दीबिर्दी झाली होती का त्यांना?… नव्हती? मग हा काय म्हणतोय?… आणि हे बघ… 'मध्येच कुठेतरी कपाटाचं दार करकरतं. बँडनं ते काढलं नाही, यात त्यांचं धाडस दिसतं. आणि गाणं संपल्यावर तोच आवाज हळूच विचारतो, झालं?'

स्टुडिओत कपाट होतं का रे?… नव्हतंच ना? मग करकरलं काय?… नाही, मला आता चैन पडणार नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर लावून बघते. थांब, फोन ठेवू नको… काय आजोबा?… हो, हो, चेहऱ्याला शोभतेय. पण ती बायकांची आहे… आवडली असेल तर घ्या की, नाकाला काय कळतंय कुणाची ते! घालून बघा नीट, येतेच मी…

हं, लागलं… गिटार… तू आलास… आता त्या आल्या. कुठे बसलाय आवाज? धुऊन पुसून ठेवलेल्या काचेसारखा आहे… मधला भाग… कपाट नाही… आता शेवट… नाही. कुणी झालंबिलं काही म्हणत नाही. गिटार थांबते आणि संपतं… खवीस म्हातारा झाला का रे? की दुसऱ्याच कुणाचं गाणं ऐकून आपल्या नावावर खपवलं त्यानं?

… काय पुटपुटतोयस?…

… थांब. एक मिनिट थांब. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार करकरतं.

… अगं बाई!

त्या दिवशी सकाळी आला होतास ना तू, ओट्याला टेकून वाजवत होतास… म्हणालास, ताई, हे उत्तर तूच दे. मी डबे वर ठेवत होते, आणि तू समोर फोन ठेवलास रेकॉर्डिंगला… 'झालं?' ते मीच विचारलं, माझ्या पोळ्या खोळंबल्या होत्या… जाऊ दे ते. मीच विचारलं!

अरे, पण त्याच्यापर्यंत गेलं कसं ते?… हो, पाठवायचं काम माझ्याकडेच होतं… नाही, बाकीच्या दोघांना बरोबर गेलंय. स्टुडिओवाल्यानं दिलेली फाइल, ती नुसत्या आकड्यांच्या नावाची. खवीसाला पाठवायचंच नाही म्हणत होतात तुम्ही. शेवटच्या दिवशी तुमचं ठरलं, पाठव. मी दुकानातून पाठवली. समोर मशिनवर काच घासायला लावलेली, गिऱ्हाईक डोक्यावर उभं… गाण्याचं नाव असलेली फाइल दिसली, ती जोडली… ती तुझ्या फोनवरून आलेली. स्वयंपाकघरातली… हो. चूक माझी. पूर्णपणे माझी. कुणाच्या माथी मारत नाहीये… बोल, ओरड, ऐकून घेते.

… झालं ओरडून? मग आणखी एक आहे, तेही ऐक. त्याची मेल आलीय मघाशीच, मी आत्ता उघडली… 'उद्याच्या छापील अंकात हे घेतोय. दुसरा आवाज कुणाचा, ते तुमच्या मेलमध्ये नाही. पान लागायच्या आत नाव कळवा'… असं विचारलंय. काय करायचं?

… काय?… मॅडमचं नाव लिहू?… बाहेर आलेल्या गाण्यावर त्यांचंच नाव आहे, बरोबर आहे… लोक ऐकतील तेव्हा त्याच ऐकू येतील, तेही बरोबर… त्याला कुठे कळणारेय? अरे, त्या माणसाला कपाट ऐकू आलं, कपाट!

… नाही, मी चिडले नाहीये. खरंच नाही. मला फक्त एक सांग. इतके दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. मला गाण्यातून काढलं कुणी?… ड्रमरनं? त्याच्याच फोनवरून बोलतोयस ना? दे त्याला जरा… का नको?… बारक्या, का नको?

… बरं. म्हणजे तू.

… नाही रे, बेसूर होते म्हणालास तरी चालेल, मी काय गायिका आहे? मला नुसतं कळू दे… नाही? बेसूर नव्हते? मग काय?… मोठ्यानं बोल, मागून ट्रकचा आवाज येतोय… माझा आवाज आला की तुझा… काय?… तुझा आवाज दहा वर्षांच्या पोराचा वाटतो?… पोरांनी ऐकलं तर हसतील, असं वाटलं तुला?… आणि म्हणून मला काढलंस.

अरे वेड्या… अरे वेड्या, मग त्या दारात उभं होतं कोण? दहा वर्षांचंच पोरगं होतं ना ते? आई ड्यूटीवर, तू शाळेतून येणार, मी शिकवणीला निघणार. रस्त्याच्या टोकाला तू दिसलास की मी लांबूनच ओरडायची, शेजारी ठेवलीय! तरी तू रोज विचारायचास, किल्ली कुठे. माहीत असायचं तुला. तरी विचारायचास. मी वळून उत्तर दिल्याशिवाय जिना चढायचा नाहीस… मग? गाणं दुसरं कशावर लिहिलंयस तू?

त्या माणसाला ना तू माहीत, ना मी, ना आपला जिना. आणि त्यानं नेमकं तेच ऐकलं. तुला ज्याची लाज वाटली तेच… मला कोडंच पडलं होतं रे, एवढ्या खडूस माणसाला यात काय सापडलं. आता कळलं.

… सांगू? मला फार वाईट वाटलं होतं. गाणं आलं त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, झाडलोटही केली नाही, आधी गाणं लावलं. वाट बघत बसले, आता मी येणार, आता मी येणार. आणि आल्या त्या मॅडम. बंद करून टाकलं तिथेच. पुढचं आज ऐकलं, आत्ता, तुझ्यासमोर… नाही, तू काही बोलू नकोस. बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस… असू दे. राहू दे. मला टाइप करू दे.

… लिहितेय. ऐक. 'तुम्हाला मिळालेली फाइल माझ्या चुकीनं आली. बाहेर आलेल्या गाण्यात हा आवाज नाही. तिथे दुसऱ्या गायिका आहेत, त्या छान गातात. तुम्ही ऐकलात तो आवाज माझा. कपाटही माझंच'… आणि खाली नाव… माझं. दुसरं कुणाचं असणार?

… कळतंय मला. कदाचित उद्या काहीच छापणार नाही तो. एवढी वर्षं धडपडताय, पहिल्यांदा कुणी मोठ्या माणसानं चांगलं म्हटलं आणि ते माझ्यामुळे हातचं जाईल. मला काय आनंद होतोय का त्यात? मीच तर तुमची पोस्टरं चिकटवत फिरलेय… पण माझ्या आवाजावर दुसरीचं नाव मी माझ्या हातानं नाही लिहिणार… नाही, तुला धडा शिकवायला नाही. मला जमणारच नाही म्हणून… थांब कशाला? थांबून काय वेगळं होणारेय?… बारक्या, मी विचारत नाहीये. सांगतेय.

… गेली.

… आहेस ना अजून?… मीही आहे. आजोबा, दोनच मिनिटं हं, घरचा फोन आहे…

अरे, आलं! उत्तर आलं… हो, एवढ्यात. टपूनच बसला होता वाटतं… वाचू दे… एकच ओळ आहे… 'मग हे गाणं लोकांनी ऐकायचं कुठे?'

… एवढंच. रागावलाय की काय, काही कळत नाही… मी काय सांगणार त्याला? ते माझ्या हातात आहे का? मी डबे वर ठेवत होते, गाणं तुमचं… काय? कोण काय म्हणतंय?… ड्रमर? तो आधीपासून म्हणत होता, माझाच आवाज ठेवा म्हणून?… आणि तू त्याच्याच नावावर खपवत होतास! त्याच्यासमोर त्याच्याच फोनवरून! धन्य आहे तुझी!

… हं, बोल… मला? मला काय विचारायचंय?… नीट विचार. ट्रक जाऊ दे आधी… परत म्हण.

… पहिल्यांदा विचारलंस रे. गायला लावलंस तेव्हा नुसतं सांगितलंस. काढलंस तेव्हा तर सांगितलंही नाहीस… नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय. चष्म्याच्या दुकानात रडायची सोय असते, कुणाला काही वाटत नाही.

हो… अरे, हो म्हणतेय ना. लावा. ते स्वयंपाकघरातलं आहे तसंच लावा, काही पुसू नका… आणि हे बघ, त्याच्या आधी एक फोन कर. मॅडमना… तू स्वतः करायचा, ड्रमरनं नाही… काय सांगू म्हणजे? खरं ते सांग. त्यांना त्यांचं गाणं लावून, वाट बघत बसून कळायला नको… हं. म्हणूनच म्हणतेय… ठेव आता. ठेव, आणि लगेच कर.