बोथट सुरी आहे का गं?

हॅलो?... हां आई, बोल. नाही गं, दुकानातच आहे, पण गर्दी नाहीये. एकच काका आहेत, ते पातेल्यांना झाकणं लावून लावून बघतायत... बोल तू.

काय हवंय?... सुरी. बरं. कसली?

काय?... पुन्हा सांग. बोथट?

आई, मी भांड्यांच्या दुकानात काम करते. रोज सुऱ्या विकते. पण बोथट सुरी मागणारी तू पहिलीच... हो, हो... अगं ऐक ना. घरात आहे ना ती काळ्या मुठीची? तिला काय झालं?

धार येते?... आपोआप?

आपोआप धार जाते गं, येत नाही... थांब, थांब. 'मी घालवते आणि ती परत येते' म्हणजे काय? धार कोण घालवतं?... तू? मागच्या पायरीवर घासून?

कधीपासून?... बाबांचं बोट कापलं तेव्हापासून! आणि मला आज सांगतेयस?

नाही, ओरडत नाहीये. काका, तुम्हाला नाही हं, तुम्ही बघा निवांत... हां, बोल.

आठवतंय ना. ओट्याखाली रक्त, आणि तू फोनवर नुसतं हॅलो हॅलो करत होतीस... कळतं गं मला. नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरतो त्यांचा हात, मला का दिसत नाही? पण ते बोट कशाने कापलं?... सुरीने, ते माहितीये! सुरी कशी होती?... आठव ना. टोमॅटो चिरत नाही, नुसता चेपते, म्हणून तूच कुरकुरायचीस. बोथट होती म्हणून त्यांनी जोर लावला, आणि जोर लावला म्हणून ती घसरली. धारेची असती तर सरळ भाजीत गेली असती. दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगून माझा घसा बसतो, आणि माझीच आई पायरीवर...

बरं बरं. रडतेयस का तू?... कांदा चिरतेयस. त्या सुरीने? मग येणारच पाणी.

देते ना नवी, देते... नाही, तो सहा सुऱ्यांचा सेट नको. अगं, निम्मे पैसे त्या लाकडी ठोकळ्याचेच असतात, आणि सहातल्या चार जन्मात बाहेर निघत नाहीत. त्यापेक्षा कमी पैशात एक बरी सुरी येते. मूठ जाड हवी, ओल्या हातातून न निसटणारी. आणि पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं हवं, नाहीतर थोड्याच दिवसांत खुळखुळायला लागतं. बस, एवढं बघायचं. चकाकीवर जायचं नाही.

दगड?... धार लावायला दगडही नको घ्यायला. चिनीमातीचा कप उलटा कर, तळाला गोल खरबरीत कडा असते बघ. ती जरा ओली करायची, पातं किंचित तिरकं धरायचं आणि एकाच दिशेने सावकाश ओढायचं. मग दुसरी बाजू... मला कोण शिकवणार? बाबांनीच. वह्या-पुस्तकांच्या बायंडिंगच्या कारखान्यात दगड झिजला, मालक काही नवा आणून देईना, तेव्हा चहाच्या कपावर पात्यांना धार लावायचे ते. आणि धार आली का बघायला कागदाची एक बारीक पट्टी कापायचे, अशी अलगद...

आई.

मागे तू म्हणालीस, घरात उंदीर झालेत म्हणून... हो, रद्दीच्या पट्ट्या पट्ट्या करतात म्हणालीस. त्या कशा होत्या गं?... अगं म्हणजे कुरतडलेल्या की कापलेल्या?... टाकल्यास? सगळ्या? बघ ना, रद्दीच्या मागे एखादी असेल... आत्ताच बघ. आहे मी फोनवर.

काका, ते झाकण नाही हो बसणार, मोठ्या पातेल्याचं आहे ते. ते खालचं घ्या... नाही, त्याच्या खालचं...

हां, सापडली? कशी आहे?... सरळ. किती सरळ?... आई, उंदीर काय फूटपट्टी लावून कुरतडतो का?

आता एक कर. तुझा तो मोठा निळा कप घे. उलटा कर... चहा आहे? मग आधी पी, आई!... हं. तळाला काय दिसतंय?... काळपट रेघा. घासून जात नाहीत? नाहीच जाणार. त्या पात्याच्या आहेत.

दुपारी तू झोपतेस ना?... आणि बाबा?... 'खुर्चीत बसून असतात.' असं तुला वाटतं.

हसू नको तर काय करू! सकाळी तू पायरीवर धार घालवायची, दुपारी त्यांनी तुझ्याच कपावर लावायची, आणि संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं, चकार शब्द न काढता... अगं, मीही रडतेय. इथे तर कांदापण नाहीये.

कळलं नसेल असं वाटतं तुला? जन्मभर कागद कापलेला माणूस तो. पहिल्याच दिवशी कळलं असणार. बोलले का काही?... नाही ना? तू घाबरलीयस हे दिसतं त्यांना. तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले.

हो... हो गं. कारखाना सुटला तेव्हाही काही बोलले नाहीत. भाजी चिरणं तेवढं उरलं होतं, तेही 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत काढून घेतलं आपण... आपण म्हणतेय मी. तू एकटीने नाही.

आई, ती पट्टी आहे का अजून हातात? परत बघ जरा. कुठे वाकडी गेलीय?... कुठेच नाही?

हो. मलाही तेच वाटतंय. हात रिकामा असला की थरथरतो. सुरी धरली की थांबत असेल... विचारू ना डॉक्टरांना, नक्की विचारू. पण बाबांनाही विचारायला हवं होतं गं.

मग? नवी कसली आणू?... हळू का बोलतेयस? ऐकू नाही आलं... धारेची. बरं. धारेची, जाड मुठीची. संध्याकाळी घेऊनच येते.

आत्ता? आत्ताच देतेस त्यांना?... दे ना, काळ्या मुठीचीच दे. आणि बरोबर कपही दे... काय म्हणू म्हणजे? काही म्हणू नकोस. 'एवढी काकडी चिरून द्या हो' म्हण, पूर्वी म्हणायचीस तसं. आणि 'जपून' म्हणू नकोस!... नाही राहवणार?... बरं, एकदा म्हण. एकदाच.

हॅलो?... आई?... आई, फोन ओट्यावरच ठेवलास का गं?

...खर्र, खर्र... लावतायत.

...

हो काका, करते हं बिल, एकच मिनिट... नाही हो, पलीकडे कोणी बोलत नाहीये... जरा थांबा ना, प्लीज. माझे बाबा काकडी चिरतायत.