स्वतःची आई चालत नाही

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर दोन विद्यार्थिनींच्या आया बसल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही माझ्या लेकीसमोर बसून मन मोकळं करणार, आणि मी तुमच्या?"

"हो. प्रात्यक्षिकाला स्वतःची आई चालत नाही म्हणे. नियम आहे."

"घरी तरी कुठे चालते! मी तोंड उघडलं की ही कानात इअरफोन घालते."

"आमच्याकडे दार आपटतं. मग आतून पाठांतर ऐकू येतं, 'समोरच्याचं बोलणं मध्येच तोडू नये.'"

"वा! त्यात पहिली आली असेल."

"वर्गात पहिली! तुम्ही काय बोलणार आत?"

"लेकीने बजावलंय, घरातलं काही काढायचं नाही."

"मग काय, शेजारणीचं दुःख सांगायचं?"

"तेच म्हटलं मी. तर म्हणाली, आई, तुझं नेहमीचं सुरू करू नकोस."

"मानसिक आरोग्यात एम.ए. करतायत हो पोरी. आपल्याला काय कळतंय!"

"उघडली बघा दोन्ही दारं. चला."

"चला. अहो, बाहेर आल्यावर एवढं मात्र सांगा हं मला."

"काय?"

"ऐकत असताना माझी पोर दिसते कशी."