फिकट ठिपके

(ब्रिस्बेनमधली प्रयोगशाळा, दुपारचा चहा. ब्रॉन्विन इथली जुनी संशोधक. टॅम्सिन दोन वर्षांपूर्वी आलेली. ग्रॅहम प्रयोगशाळेचा प्रमुख.)

टॅम्सिन : ...तर डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पहारेकरी प्रथिनं तिथे धावतात, खूण करतात आणि दुरुस्ती होईपर्यंत पेशीला विभागू देत नाहीत. ती खूण आपण हिरवी रंगवतो. दुरुस्ती झाली की ठिपका विझतो. केर्न्सच्या परिषदेत एवढं कळेल ना सगळ्यांना?

ब्रॉन्विन : कळेल. अकरा वर्षांत मला कुणी केर्न्सला पाठवलं नाही, तरी मलाही कळलं.

टॅम्सिन : पोचला टोमणा. लॅमिंग्टन केक घे, तुझ्यासाठीच आणलेत. ग्रॅहम सकाळी म्हणाला, इतका फरक त्याने कधी पाहिला नव्हता. आपलं नवं प्रथिन काढून टाकलेल्या पेशींत किरणं दिल्यावर सहा तासांनीही चौदा-पंधरा ठिपके, आणि दुसरीकडे जेमतेम चार. मोजणी ब्रॉन्विनची आहे म्हणजे प्रश्नच नाही, म्हणाला.

ब्रॉन्विन : थांब. चार कुठल्या काचांवर?

टॅम्सिन : साध्या पेशींच्या. मोजताना कुठली काच कशाची ते तुला कळू नये म्हणून नावांवर लावलेल्या पट्ट्या आजच काढल्या मी.

ब्रॉन्विन : लाल नेलपॉलिशने कडा बंद केलेल्या काचा... त्या साध्या होत्या?

टॅम्सिन : हो. बिनरंगी बाटली संपली, म्हणून उरलेल्यांना माझी लाल लावली. का गं?

ब्रॉन्विन : नावं झाकलीस, कडा उघड्याच. लाल बाटली तुझ्या लाडक्या, प्रथिन काढलेल्या पेशींच्या खोक्याला टेकून होती. मला वाटलं, लाल म्हणजे त्याच.

टॅम्सिन : वाटू दे. मोजलंस तर खरंच ना?

ब्रॉन्विन : लालवरचे फिकट ठिपके मी सोडून दिले.

टॅम्सिन : फिकटही धरायचे असतात. तूच शिकवलंस मला.

ब्रॉन्विन : हो. पिपेट कशी धरायची तेही मीच शिकवलं. पूर्वी ग्रॅहम दारातून आला की आधी माझ्या टेबलाशी थांबायचा. आता मला ओलांडून तुझ्याकडे जातो. रोज पोटात दुखायचं.

टॅम्सिन : म्हणजे मला पाडायला निघालीस—

ब्रॉन्विन : आणि उचलून डोक्यावर बसवलं. फरक मिटवायला गेले, उलट वाढवून बसले.

टॅम्सिन : मग खरा फरक किती?

ब्रॉन्विन : माहीत नाही. असेल, नसेलही. पुन्हा मोजावं लागेल. दुसऱ्या कुणाकडून तरी.

टॅम्सिन : सोमवारी विमान आहे माझं. आईला सांगून झालंय.

ब्रॉन्विन : माहीत आहे.

टॅम्सिन : मोजणी चुकली, एवढंच सांगते ग्रॅहमला. बाकीचं मला नाही सांगवणार.

ब्रॉन्विन : चुकली नाही, टॅम्सिन. चुकवली. मीच जाते.